पीव्हीएसएम म्हणजे परमवीर नव्हे : एका शाळेच्या फलकाचं प्रकरण

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावी आहे. जानेवारीत निम्मी मुलं कापूस वेचायला वावरात असतात, उरलेली वर्गात. त्या उरलेल्यांपैकी नववीच्या मुलांनी प्रजासत्ताक दिनासाठी दर्शनी भिंतीवर ‘विदर्भाचे सुपुत्र’ असा फलक रंगवायचं ठरवलं. माणूसही त्यांनीच निवडला : एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक. जन्म नागपूरचा, शिक्षण साताऱ्याच्या सैनिक शाळेत, पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि अखेर देशाच्या हवाई दलाचे प्रमुख. नागपूर म्हणजे आमच्या पोरांसाठी मेडिकलला पेशंट न्यायचं गाव. तिथे जन्मलेला माणूस लढाऊ विमान उडवतो आणि अख्ख्या दलाचा प्रमुख होतो, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. मलाही वाटलं.

मजकूर मुलांनी मोबाइलवरून जमवला. मी वाचला, खाली सही केली. गावातल्या पेंटरने तो ऑइल पेंटने भिंतीवर उतरवला. 24 जानेवारीच्या संध्याकाळी फलक तयार होता. नावाची ओळ अशी होती :

‘जनरल प्रदीप नाईक. परमवीर चक्र, वायुसेना मेडल, एडीसी पदक.’

या एका ओळीत चार चुका होत्या. मी वीस वर्षं शिकवतोय, दर पंधरा ऑगस्टला शूरवीरांवर बोलतोय, आणि चारपैकी एकही चूक माझ्या डोळ्याला दिसली नव्हती. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हेच. अशी ओळ आमच्या एकट्याच्या भिंतीवर असेल असं मला वाटत नाही.

चूक कुणी पकडली

गावात एक निवृत्त सार्जंट राहतात. 1968 साली एअरमन म्हणून हवाई दलात गेले, इंजिन फिटर होते, निवृत्तीनंतर परत येऊन कास्तकारी करतात. लहानथोर सगळे त्यांना फौजी आबाजी म्हणतात. 25 तारखेला सकाळी दुधाची कॅन घेऊन जाताना ते भिंतीपाशी थांबले. बराच वेळ थांबले. मग सायकल टेकवून आत आले.

“सर, हे कोनं लिवलं?”

“पोरांनी. तपासलं मी.”

“नाईक साहेबायले परमवीर कधी भेटला?”

मी म्हटलं, आबाजी, नावापुढे पीव्हीएसएम आहे ना.

“पीव्हीएसएम हाय. पीव्हीसी नाही. परमवीर आपल्या एअरफोर्सात एकालेच भेटला. सेखों साहेबाले. अन् तो घ्याले ते राह्यले नव्हते.”

आवाज चढला नव्हता. पण त्यांचा हात कॅनच्या कडीवर घट्ट आवळलेला मला दिसला.

14 डिसेंबर 1971. श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना 18 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपलं छोटं नॅट विमान उचललं, एकट्याने त्या झुंडीशी झुंज दिली आणि त्याच झुंजीत गेले. परमवीर चक्र आजवर 21 जणांना मिळालं, त्यातल्या 14 जणांना मरणोत्तर. हवाई दलातलं नाव एकच. त्या वर्षी आबाजी नोकरीत तीन वर्षांचे होते. श्रीनगरची बातमी आपल्या तळावर कशी पोचली ते त्यांना अजून आठवतं : संध्याकाळी हँगरमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं म्हणे.

त्यांचा मुद्दा मला तेव्हा पुरता कळला. आम्ही नाईक साहेबांना मोठं करायला गेलो आणि सेखोंचं एकमेव मानाचं पान दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळे झालो. शिवाय नाईक साहेबांनी खरोखर जे मिळवलं, ते पुसून टाकलं ते वेगळंच.

चार चुका

चुका कुठून आल्या ते मुलांना बसवून विचारलं. माहितीत नावापुढे तीन लघुरूपं होती : पीव्हीएसएम, व्हीएसएम, एडीसी. ती त्यांनी आपापल्या अकलेने उलगडली होती. ‘पीव्ही’ दिसलं की परमवीर, यात शंका कसली? ‘व्हीएसएम’ तर आणखीच सोपं : वायु, सेना, मेडल. तिन्ही अक्षरं चपखल बसतात. एडीसीचं काही जुळेना, तेव्हा एकाने पदकांच्या रांगेत आहे म्हणजे पदकच असणार असं धरलं.

पोरांना मी दोष देत नाही. इंग्रजी लघुरूप आणि मूळ हिंदी-संस्कृत नाव यांच्यात हा घोटाळा व्हायचाच.

खरं असं आहे. पीव्हीएसएम म्हणजे परम विशिष्ट सेवा मेडल. व्हीएसएम म्हणजे विशिष्ट सेवा मेडल. दोन्हींच्या मधे अति विशिष्ट सेवा मेडल, म्हणजे एव्हीएसएम. ही तिन्ही पदकं 26 जानेवारी 1960 रोजी सुरू झाली, तेव्हा त्यांची नावं विशिष्ट सेवा मेडल वर्ग एक, दोन, तीन अशी होती. आजची नावं 1967 मध्ये मिळाली. वायुसेना मेडल हे निराळं पदक. तेही 1960 चंच, पण नावापुढे त्याची खूण फक्त ‘व्हीएम’. नाईक साहेबांकडे परम विशिष्ट आणि विशिष्ट ही दोन आहेत.

एडीसी हे पदक नाहीच. तिन्ही दलांचे प्रमुख राष्ट्रपतींचे मानद एडीसी, म्हणजे एड-डी-कॅम्प (परिसहायक), असतात. तो पदाबरोबर येणारा मान आहे, छातीवर लावायची वस्तू नाही.

आणि जनरल. आमच्याकडे लष्करातला कुठलाही मोठा साहेब जनरलच असतो, भले तो विमानातला असो की जहाजातला. हवाई दलात जनरल नावाचा हुद्दाच नाही. भूदलातल्या ब्रिगेडियरच्या बरोबरीला इथे एअर कमोडोर, मेजर जनरलला एअर व्हाइस मार्शल, लेफ्टनंट जनरलला एअर मार्शल आणि जनरलला एअर चीफ मार्शल. त्याच्याही वरचा पाच ताऱ्यांचा मार्शल ऑफ द एअर फोर्स हा हुद्दा आजवर फक्त अर्जन सिंग यांना मिळाला, 2002 साली. नागपूरच्या वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्याचे प्रमुख एअर मार्शल असतात. आबाजींनी मुलांना हाच दाखला दिला : “नागपूरच्या कमांडचे साहेब एअर मार्शल. त्यायच्या वर दिल्लीले चीफ. जनरल म्हनसान तं ते मागं पाह्यतीन, का बावा पलटनीतलं कोन आलं.”

‘मग ते कमी झाले का?’

इथवर सगळं सरळ होतं. चुका सापडल्या, दुरुस्त करू, संपलं. पण नववीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, परमवीर नाही तर मग ते कमी झाले का?”

हा प्रश्न पुढे शाळा समितीतही आला, जरा वेगळ्या सुरात. एक सदस्य म्हणाले, परमवीर राहू द्या की, भिंतीवर शोभून दिसतं, कोण तपासायला येतंय? त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटत होतं की ‘चक्र’ काढलं तर माणसाची उंची घटेल. गावाच्या मनात सैनिकाचा मान एकाच मापाने मोजला जातो, आणि ते माप म्हणजे मरण. सीमेवर गेला तर वीर. जिवंत परत आला तर पेन्शनवाला. आबाजी हे चाळीस वर्षं गावात राहून बघत आलेत, आणि मीही त्यांच्याकडे तसाच बघत आलो होतो. हे मला त्या दिवशी उमगलं, आणि लाज वाटली.

मुलीच्या प्रश्नाला मी उत्तर देणार, तेवढ्यात आबाजी म्हणाले, “घरी चाला.”

सहा-सात मुलं आणि मी त्यांच्या माजघरात बसलो. त्यांनी पलंगाखालून लोखंडी पेटी ओढली. वर लोकरी स्वेटर, खाली सर्व्हिस बुक, त्याखाली पानाच्या जुन्या डब्यात कापडात गुंडाळलेली दोन पदकं आणि एक आखूड पट्टी. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. पदकं 1971 च्या युद्धकाळातलं संग्राम मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं. संग्राम मेडल त्यांनी मुलीच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, कड पाय. तिने ते उभं धरून खिडकीच्या उजेडात फिरवलं. पदकाच्या कडेवर, नाण्यावर रेघा असतात त्या जागी, बारीक अक्षरात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं होतं. तिने अक्षर अक्षर लावून वाचलं. नाव पुरं झाल्यावर तिने वर बघितलं, पदकाकडे नाही, आबाजींकडे.

मग त्यांनी ती आखूड पट्टी दाखवली. गणवेशावर रोज पदकं लावत नाहीत, त्यांच्या फितीच्या चिंध्यांची ही पट्टी डाव्या खिशाच्या वर टाचतात. म्हणजे साहेब समोरून आला की त्याची सगळी नोकरी छातीवर वाचता येते, तोंडाने काही विचारावं लागत नाही. परमवीर चक्राची फीत जांभळी, एकरंगी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. आणि विशिष्ट सेवेच्या तिन्ही फिती पिवळ्या, सोनेरी, त्यावर उभ्या निळ्या रेघा : परम विशिष्टला एक, अति विशिष्टला दोन, विशिष्टला तीन. रेघ जितकी कमी तितका मान मोठा. मुलांना हे उलटं वाटलं, आणि म्हणूनच ते पक्कं डोक्यात बसलं.

“पाह्य बाई,” आबाजी त्या मुलीला म्हणाले, “एक दिवस येते अन् मानूस जीव देते. अन् दुसरा मानूस चाळीस वर्सं रोज विमान उडवते, उडवाले लावते, एक नट ढिला राहू देत नाही. सरकारनं दोनाले दोन नावं ठेवली. एकाचं नाव दुसऱ्याले लावाचं नाही.”

आणि हे नुसतं समजूत घालणं नव्हे. सरकारने पदकं लावण्याचा जो क्रम ठरवून दिलाय, त्यात परमवीर आणि अशोक चक्र वर आहेत, पण परम विशिष्ट सेवा मेडल महावीर चक्राच्याही आधी येतं. म्हणजे युद्धातलं दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक छातीवर त्याच्या नंतर लावलं जातं. मी हे शाळा समितीला सांगितलं तेव्हा ते सदस्य दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “मंग बदला.”

एका ओळीत न मावणारी नोकरी

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. ऑइल पेंट रात्रीत खरडून नवा वाळला नसता. आम्ही फलकावर सतरंजी टाकली आणि झेंडावंदनानंतर मी माइकवर सांगितलं की मजकुरात माझी चूक झाली आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त होईल. त्या पंधरा दिवसांत मुलांनी पदकं सोडून आधी नोकरीच मांडून बघितली. हे आधीच करायला हवं होतं.

नाईक साहेब 21 जून 1969 रोजी लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. बांगलादेश मुक्तीच्या युद्धात त्यांनी भाग घेतला तेव्हा नोकरी अडीच वर्षांचीही नव्हती. पुढे पायरीपायरीने उपप्रमुख, आणि 31 मे 2009 रोजी प्रमुख. त्यांच्या कार्यकाळात, फेब्रुवारी 2011 मध्ये, सी-130 जे सुपर हर्क्युलिस ही वाहतूक विमानं दलात आली. 31 जुलै 2011 रोजी ते निवृत्त झाले.

एका मुलाने वजाबाकी केली : 42 वर्षं, एक महिना, दहा दिवस. मग त्यानेच विचारलं की प्रमुखपद फक्त दोन वर्षं दोन महिनेच कसं, काही बिनसलं का? काही बिनसलं नव्हतं. दलाच्या प्रमुखाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची 62 वर्षं, जे आधी येईल ते. त्यांचा जन्म 22 जुलै 1949 चा. 22 जुलै 2011 ला 62 पूर्ण, आणि महिनाअखेरीला निवृत्ती. पोराने तारखा फळ्यावर एकाखाली एक मांडल्या, आणि त्या जुळल्यावर त्याला जो आनंद झाला तो गणिताच्या तासाला मी कधी बघितला नव्हता.

आबाजींनी त्यात एक गोष्ट घातली जी कुठल्याही मजकुरात आली नसती. लढाऊ वैमानिक म्हणून भरती होणाऱ्यांपैकी प्रमुखपदापर्यंत एकच पोचतो. बाकीचे विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन म्हणून सन्मानाने घरी जातात, काहींची विमानं पडतात. त्यांच्या तळावरची दोन विमानं अशी गेली होती. इंजिन त्यांनी स्वतः तपासलेलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी प्रत्येक फिटरने आपापली वही काढून पुन्हा वाचली. “साहेब जिता ऱ्हावा म्हनूनच तं आपन होतो,” ते म्हणाले.

फलकाला जोडी हवी असं मुलांना वाटलं. शौर्याचं आणि सेवेचं, अशी दोन्ही जातींची पदकं एकाच छातीवर असलेला माणूस शोधायचा होता, आणि तो मराठीच सापडला : एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर. विदर्भाचे नव्हेत, मुंबईचे, जन्म 14 ऑगस्ट 1920. 1 फेब्रुवारी 1976 ते 31 ऑगस्ट 1978 हवाई दलाचे प्रमुख. पण महावीर चक्र त्यांना त्याच्या कितीतरी आधी, विंग कमांडर असताना, 1947-48 च्या जम्मू-काश्मीर मोहिमेसाठी मिळालं. ती मोहीम म्हणजे 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा विमानांनी पलटण उतरवली तिथून सुरू झालेली.

इथे पुन्हा एक मूल अडलं. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रं सुरू झाली 26 जानेवारी 1950 ला. मग 1948 च्या कामगिरीला ती कशी? उत्तर असं की ही पदकं 15 ऑगस्ट 1947 पासून मागे लागू केली होती, नेमकी काश्मीरच्या लढवय्यांना डोळ्यांसमोर ठेवून. परमवीर चक्राचा आराखडा सावित्री खानोलकर यांचा. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या या बाईंनी चक्रावर इंद्राचं वज्र चारदा कोरलं. हे कळल्यावर नववीतल्या त्या मुलीने वहीत दधिचीची गोष्ट लिहून आणली. मी ती फलकावर घेतली नाही, जागा नव्हती, पण वही ठेवून घेतली आहे.

मुळगावकरांच्या नावापुढे त्यामुळे आधी पीव्हीएसएम आणि मग एमव्हीसी, म्हणजे महावीर चक्र, येतं. मुलीच्या प्रश्नाचं पुरं उत्तर त्या दोन लघुरूपांच्या क्रमात होतं. 9 एप्रिल 2015 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

काय रंगवलं

नवा मजकूर ठरवताना तीन गोष्टी पाळल्या. कोणतंही लघुरूप एकटं लिहायचं नाही, पूर्ण नाव लिहायचं. हुद्दा त्या दलाचाच लिहायचा. आणि पदकाआधी नोकरीचा काळ लिहायचा, म्हणजे वाचणाऱ्याला पदक कशातून आलं ते कळेल.

फिती मुलांनी स्वतः रंगवल्या. पेंटरचा पिवळा जरा हळदीचा निघाला, आबाजींनी त्यात पांढरा घालायला लावून दोनदा बदलून घेतला. निळी रेघ ओढताना त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, पिवळ्या पट्ट्याचा मध्य शोधून पेन्सिलने खूण केली आणि मगच ब्रश लावू दिला. नाईक साहेबांच्या फोटोखाली दोन फिती : एका रेघेची आणि तीन रेघांची. मुळगावकरांच्या खाली एका रेघेची, आणि तिच्या शेजारी पांढरी-केशरी. सगळ्यात वर, कुणाच्याही फोटोखाली नसलेली, जांभळी, आणि तिच्यापुढे सेखोंचं नाव व तारीख.

खालच्या कोपऱ्यात बोटभर जागा उरली होती. मुलांनी मला न विचारता तिथे ‘मार्गदर्शन :’ लिहून आबाजींचा हुद्दा आणि नाव घातलं. ‘सार्जंट, इंजिन फिटर, भारतीय वायुसेना (निवृत्त)’. आबाजींनी ते वाचलं, मोजपट्टी खिशात ठेवली आणि सायकलकडे गेले.

प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. जुन्या फलकाचा फोटो 24 तारखेच्या संध्याकाळीच कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकला होता, आणि तो तालुकाभर फिरला. नव्या फलकाचा फोटो मी स्वतः प्रत्येक गटावर टाकला, तरी जुनाच पुढे पुढे जात राहिला, कारण त्यावर परमवीर आहे. मागच्या महिन्यात आठ किलोमीटरवरच्या गावातून एका ओळखीच्या शिक्षकांचा फोन आला. तुमच्या फलकावरून आम्हीही भिंत रंगवली म्हणाले, या बघायला. मी आबाजींना सांगितलं.

तूर काढणी चालू होती. त्यांनी वावरातल्या माणसांना दुपारपर्यंतचं काम नेमून दिलं, घरातून टर्पेंटाइनची बाटली, दोन ब्रश आणि पिवळ्या रंगाचा उरलेला डबा पिशवीत घातला, मोजपट्टी खिशात आहे ना ते चाचपून बघितलं, आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसले.